खापर केवढं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मांडे होतात. काकू चुलीवर मातीचं खापर पालथं घालते, पुरण भरलेला उंडा जरासा लाटून घेते आणि मग दोन्ही हातांवर झुलवत वाढवत नेते. मांडा मनगटावरून कोपरापर्यंत पसरतो, पातळ होतो, पण फाटत नाही. हे चालू असताना तिचं निम्मं लक्ष चुलीतल्या जाळाकडे, निम्मं आमरसासाठी आंबे पिळणाऱ्या पोरांकडे. विचारलं तर म्हणते, "हातले समजस." म्हणजे हाताला कळतं. आणि मांडा खापरावर पडतो तो बरोब्बर, कडेला बोटभरही लोंबत नाही.

लहानपणी ते खापर मला अवाढव्य दिसायचं. पोरवयाची अपूर्वाई म्हणून सोडून द्यावं, तर त्यात अंगाच्या मापाचाही वाटा असावा. 2011 साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये हेन्रिक एरसन आणि सहकाऱ्यांनी माणसांना आडवं झोपवलं आणि डोळ्यांपुढे चित्र दाखवणारे छोटे पडदे बांधले. मान वाकवून बघितलं की त्यांना स्वतःच्या जागी बाहुलीचे पाय दिसत. खऱ्या पायाला आणि बाहुलीच्या पायाला एकाच वेळी काठी लावत राहिलं की थोड्या वेळात ते अंग आपलंच वाटू लागे. बाहुली 80 सेंटिमीटरची, एक तर 30चीच! मग समोरची वस्तू मोठी आणि लांब दिसायची. 4 मीटरच्या अंगात शिरलं की तीच वस्तू लहान आणि जवळ. डोळे मिटून तिच्यापर्यंत चालत जा म्हटलं, तर बाहुली झालेली माणसं जास्त चालत. काठीचा स्पर्श मागेपुढे झाला की मात्र ही किमया फिकी पडे, डोळ्यांपुढचं चित्र तेच असूनही. म्हणजे डोळा बघतो खरा, पण मोजायचा गज अंगाचा.

आता याच वाटेने कोणी फार पुढेही जातं. पाठीवर ओझं असलं की चढ जास्त उभा दिसतो, असं अमेरिकेत 1999 मध्ये मांडलं गेलं. दहा वर्षांनी दुसऱ्यांनी त्यात खोट काढली. पिशवीत मोजमापाचं यंत्र आहे, एवढं सांगताच चढ पहिल्यासारखा दिसू लागला; लोक बहुधा प्रयोग करणाऱ्याला हवं ते उत्तर देत होते. मला हे दुसरं पटतं. तरी धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला चढताना पाण्याच्या बाटल्यांची पिशवी मी धाकट्या भावाकडेच देतो. त्याला चढ केवढा दिसतो, ते अजून विचारलेलं नाही.