खोली आठ हजारांची, कात्री ब्याऐंशी हजारांची

मेडिक्लेम घेताना माणूस दोनच आकडे बघतो: कव्हर किती आणि हप्ता किती. पाच लाखांचं कव्हर मिळतंय, हप्ता झेपतोय, की फॉर्मवर सही होते. पण क्लेमच्या वेळी खिशातून किती जाणार हे ठरवणारी ओळ पॉलिसीच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. ‘रूम रेंट: सम इन्शुअर्डच्या १ टक्का, प्रतिदिन.’ सम इन्शुअर्ड म्हणजे कव्हरची रक्कम. ही अट फक्त खोलीच्या भाड्यापुरती आहे, असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. तिचा हात बिलात बराच लांबवर पोचतो.

हिशोब मांडूनच बघू. पाच लाखांची पॉलिसी, म्हणजे खोलीची मर्यादा रोज ५,००० रुपये. पेशंट ऑपरेशनसाठी दाखल होतो. ‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे, वरचे तीन हजार आपण भरू’ असं म्हणून घरचे ८,००० ची खोली घेतात. त्यांच्या डोक्यातला आकडा आहे तीन हजार गुणिले चार, बारा हजार. डिस्चार्जच्या दिवशी बिल येतं २,६०,००० चं. त्यात खोलीचे ३२,०००, सर्जनची फी ८०,०००, भूलतज्ज्ञांचे २४,०००, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) ४०,०००, डॉक्टरांच्या व्हिजिटचे १६,०००, औषधांचे ३६,०००, तपासण्यांचे २२,००० आणि ग्लोव्हज, मास्क, कसली कसली किट मिळून १०,०००.

आता विमा कंपनी हेच बिल कसं वाचते ते बघा. तुमचा हक्क ५,००० च्या खोलीचा, राहिलात ८,००० च्या खोलीत. पाच भागिले आठ, ६२.५ टक्के. खोलीचे चार दिवसांचे २०,००० मंजूर. सर्जन, भूल, ओटी आणि व्हिजिट मिळून होतात १,६०,०००, त्यांनाही हीच ६२.५ टक्क्यांची फूटपट्टी लागते, म्हणून १,००,००० मंजूर. औषधं आणि तपासण्या पूर्ण. किरकोळ सामानाचे दहा हजार नामंजूर. एकूण मंजुरी १,७८,०००, आणि उरलेले ८२,००० तुमचे. त्यात खोलीच्या फरकाचे बारा हजारच आहेत. साठ हजार गेले ते डॉक्टरांच्या आणि ओटीच्या रकमेवर फिरलेल्या कात्रीत. पॉलिसीत को-पेची, म्हणजे मंजूर रकमेतला ठरावीक वाटा तुम्हीच भरायची, अटही असेल, तर ती बहुतेक वेळा या मंजूर १,७८,००० वर लागते. २० टक्के को-पे म्हणजे आणखी ३५,६०० गेले.

या कपातीला ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हणतात. ती वरवर अन्यायाची वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत दरपत्रक खोलीच्या वर्गावर बांधलेलं असतं. सर्जन तोच, टेबल तेच, टाके तितकेच, तरी जनरल वॉर्डातल्या पेशंटला एक दर आणि डिलक्स खोलीतल्या पेशंटला दुसरा. म्हणजे खोली वरची घेतली की सगळं बिलच एक पायरी वर चढतं. कंपनीचं म्हणणं एवढंच, की त्या वरच्या पायरीचे पैसे आम्ही देणार नाही.

म्हणूनच या कात्रीला कायद्याने कुंपणही घातलेलं आहे, आणि ते माहीत असणारे फार थोडे. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, २०२० मध्ये घातलेल्या नियमांनुसार औषधं आणि कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायचं सामान), इम्प्लांट आणि वैद्यकीय उपकरणं, तसंच तपासण्या यांच्या रकमेवर प्रपोर्शनेट डिडक्शन लावता येत नाही. आयसीयूच्या चार्जेसवरही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या हॉस्पिटलात खोलीच्या वर्गाप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे ही कपात मुळात लागूच होत नाही. मध्यम आकाराच्या अनेक हॉस्पिटलांत सर्जनची फी सगळ्यांना सारखीच असते. तिथे कपात झाली असेल, तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर ‘आमच्याकडे रूमच्या श्रेणीनुसार वेगळे दर नाहीत’ एवढं एक वाक्य लिहून घ्या आणि दरपत्रकाच्या प्रतीसोबत कंपनीला पाठवा. एका कागदाने उलटू शकणारी कपात लोक मुकाट्याने सोसतात.

खोलीच्या मर्यादेत आणखी एक खाच आहे. ‘रूम रेंट’ या शब्दात बहुतेक पॉलिसी खोली, बोर्डिंग आणि नर्सिंग एकत्र धरतात. काउंटरवर सांगतात ‘खोली साडेचार हजार’. तुम्ही निर्धास्त. बिलात मात्र खाली ‘नर्सिंग ८०० प्रतिदिन’ अशी वेगळी ओळ असते. झाले ५,३००, मर्यादा मोडली, आणि गुणोत्तर लागलं ९४ टक्क्यांच्या आसपास. तीनशे रुपयांसाठी सर्जनच्या फीवर पावणेसहा टक्के गेले! त्यामुळे ॲडमिशनच्या काउंटरवर ‘भाडं किती’ असं विचारू नका. ‘रूम, नर्सिंग आणि आरएमओ धरून रोजचे किती’ असं विचारा (आरएमओ म्हणजे हॉस्पिटलातले निवासी डॉक्टर), आणि उत्तर एस्टिमेटच्या कागदावर लिहून घ्या.

कव्हर वाढवलं की ही मर्यादा वाढते, हेही दर वेळी खरं नाही. सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेली ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी बघा. तिच्या मूळ नमुन्यात रूम रेंट सम इन्शुअर्डच्या २ टक्के आहे, पण कमाल ५,०००. आयसीयू ५ टक्के, कमाल १०,०००. अडीच लाखांच्या कव्हरलाच खोलीची मर्यादा पाच हजारांना टेकते, त्यापुढे कव्हर कितीही वाढवा, खोली तीच. शिवाय प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे. हप्ता कमी ठेवण्यासाठी हे ठीक आहे, पण मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलसाठी ती पॉलिसी नाही, हे घेतानाच समजून घ्यावं.

काही पॉलिसींत आकड्याऐवजी ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ असं लिहिलेलं असतं. माझ्या मते टक्क्यांपेक्षा ही अट कितीतरी बरी, कारण दर वाढले तरी हक्क तोच राहतो. फक्त हॉस्पिटलातली नावं फसवी असतात. डिलक्स, प्रीमियम, एक्झिक्युटिव्ह या सगळ्या एकेकट्याच्याच खोल्या, पण कंपनी धरते ती त्यातली सर्वांत साधी. आणि मर्यादेच्या आतली खोली खरंच रिकामी नसेल, हॉस्पिटलनेच वरची दिली असेल, तर तसं त्याच दिवशी हॉस्पिटलकडून लेखी घ्या. डिस्चार्जनंतर तो कागद कोणी देत नाही.

किरकोळ सामानाच्या त्या दहा हजारांकडे वळू. पॉलिसीच्या शेवटी न देय वस्तूंची यादी जोडलेली असते. आयआरडीएआयने ठरवलेल्या त्या यादीत ६८ बाबी आहेत: ग्लोव्हज, मास्क, डायपर, क्रेप बँडेज, ईसीजीचे इलेक्ट्रोड, नेब्युलायझर किट, अटेंडंटचे चार्जेस. एक नोंद तर मजेशीर आहे, ‘तपशील न दिलेली कोणतीही किट’. म्हणजे बिलात नुसतं ‘ऑर्थो किट ४,५००’ असं लिहिलं तर सगळे साडेचार हजार गेले. त्याच किटमधल्या वस्तू एकेक करून लिहिल्या तर त्यातल्या बऱ्याच मंजूर होऊ शकतात. बिलिंगवाल्यांना फायनल बिल काढायच्या आधी ‘किटचं ब्रेकअप द्या’ म्हणून सांगायचं, नंतर नाही. दुसरी एक यादी अशा बाबींची आहे ज्या खोलीच्या भाड्यातच धरायच्या असतात, उदाहरणार्थ फाइल उघडण्याचे चार्जेस, हाउसकीपिंग, पेशंटच्या मनगटाची पट्टी. या वेगळ्या लावल्या असतील तर वाद कंपनीशी नाही, हॉस्पिटलशी घालायचा.

कॅशलेसमध्ये, म्हणजे कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते तेव्हा, खरी फसगत होते ती प्री-ऑथच्या, म्हणजे आगाऊ मंजुरीच्या, फॉर्मवर. त्यातला डॉक्टरांचा भाग घाईत भरला जातो. ‘बीपी किती दिवसांपासून?’ या प्रश्नाला नातेवाईक ‘असेल की आठ-दहा वर्षं’ असं सहज म्हणतात आणि कागदावर ‘दहा वर्षे’ उमटतं. पॉलिसी तीन वर्षांची. लगेच टीपीएची (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची) क्वेरी येते: पॉलिसी घेताना बीपी का सांगितलं नाही? तिथून कॅशलेस नाकारणं दोन पावलांवर. पेशंटला बीपी कधी निघालं, पहिली गोळी कधी सुरू झाली, ते जुन्या प्रिस्क्रिप्शनवर बघून सांगा. खोटं अर्थात सांगू नका, पण अंदाजही ठोकू नका. आणि डिस्चार्ज समरीत हाच ‘हिस्टरी’चा रकाना सही होण्याआधी वाचा, कारण रिइम्बर्समेंटमध्ये, म्हणजे बिल आधी स्वतः भरून मग कंपनीकडे पैसे मागताना, तोच पुरावा धरला जातो.

या बाबतीत नियम आता पूर्वीपेक्षा सैल आहेत. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो) जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, हेही मे २०२४ च्या परिपत्रकात आहे. तीन तासांपेक्षा उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे. मात्र घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलने फायनल बिल टीपीएला पाठवल्यावर. ‘इन्शुरन्सवाले अडवून बसलेत’ असं काउंटरवर ऐकलं, तर बिल किती वाजता अपलोड केलं ते विचारा. पुष्कळदा ते गेलेलंच नसतं, फार्मसीचा हिशोब किंवा समरीवरची सही राहिलेली असते.

रिइम्बर्समेंटच्या फाइलमध्ये लोक दोन गोष्टी हमखास विसरतात. एक, इम्प्लांटचा स्टिकर आणि त्याचं बिल. स्टेंट, लेन्स, गुडघ्याचा सांधा, काहीही बसवलं असेल तर त्याच्या बॉक्सवरचा बारकोडचा स्टिकर लागतोच. दुसरी, दाखल होण्याआधीचा आणि नंतरचा खर्च. आरोग्य संजीवनीत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरले जातात, इतर अनेक पॉलिसींत याहून जास्त. कॅशलेस झालं की विषय संपला असं समजून हे सोडून दिलं जातं, खरं तर त्याच आजारासाठीची औषधं, तपासण्या, फॉलोअपच्या फिया वेगळ्या क्लेममध्ये मागता येतात. प्रत्येक बिलाला त्याचं प्रिस्क्रिप्शन जोडायचं.

पॉलिसी नूतनीकरणाला आली असेल तर रूम रेंटची अट काढायचे किती पडतात ते विचारून बघाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच कव्हर असलेल्या) पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. तो वाचलेला पैसा कव्हर पाचाचं सात लाख करण्यात घालण्यापेक्षा ही अट काढण्यात घालावा, असं मला वाटतं. वरच्या उदाहरणात कव्हर पाच लाखांचं होतं आणि बिल अडीच-पावणेतीन लाखांचं. कव्हर कमी पडलंच नव्हतं.

क्लेम आधीच कापला गेला असेल, तर कंपनीकडून ओळीनुसार कपातीचा तक्ता मागवा. नुसत्या ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ या उत्तरावर थांबू नका, कोणत्या कलमानुसार ते लिहून मागा. औषधं, इम्प्लांट किंवा तपासण्यांवर टक्केवारी लावलेली दिसली, तर त्या ओळी अधोरेखित करून कंपनीच्या ग्रीव्हन्स (तक्रार निवारण) अधिकाऱ्याला मेल टाका. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत.