अण्णांना त्या वयात मेळघाटात कशाला नेलं?

वडिलांच्या तेराव्याला आत्यांनी विचारलं, वर्षश्राद्धाला मामांनी, परवा लग्नात चुलतबहिणीनं. "बहात्तरीचा माणूस, त्यात दमा. त्याला जंगलात न्यायचं तुला सुचलंच कसं?" दरवेळी मी विषय बदलला. आज नाही बदलत.

अण्णा पूर्णा–अकोला लाइनवर गँगमन होते, हे तुम्हाला माहीत आहे. तीच मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, पुढं मेळघाटातून खांडव्याला जायची. वाटेत धूळघाटला रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःवरूनच जायचे. गँगची माणसं त्याला चारचा आकडा म्हणत. अण्णांकडं पास होता, तरी आयुष्यभर "उन्हाळ्यात जाऊ" म्हणत राहिले. २०१७ च्या सुरुवातीला रुंद रूळ टाकायचे म्हणून अकोला–खांडवा गाडी बंद झाली. नवीन रूळ वाघांच्या जंगलातून न्यायचे की बाहेरून, यावर वाद लागला. तेव्हा अण्णाच म्हणाले, "लाइन ज्या जंगलापाशी अडली, ते जंगल तरी दाखव."

म्हणजे हौस माझी नव्हती. (हे लिहितानाच कळतंय की हे पूर्ण खरं नाही. आपल्या हिंगोलीकडं जंगल म्हणावं असं कितीसं उरलंय? मलाही जायचंच होतं.)

ठरवताना मी हयगय केली नाही. पावसाळ्यात जंगल बंद, उन्हाळा त्यांना सोसत नाही, म्हणून दिवाळीची सुट्टी धरली. डॉक्टरांना विचारलं. चिखलदरा उंचावर, तिथली थंडी नको, म्हणून सिपना नदीकाठचा कोलकासचा बंगला घेतला. नदीकाठचा गारठा पहाटे कसा असतो, हे मात्र कुणाला विचारलं नाही.

पहिली संध्याकाळ मी कुणालाही देणार नाही. १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला हा एक, असं मी वाचून दाखवत होते. अण्णांचं लक्ष सागाकडं. बुंध्याला वीत लावून मोजायले. "यात रुळांखालचे किती स्लीपर निघतील बघ," म्हणाले, आणि लगेच हात काढून घेतला. "नको. उभाच बरा."

रात्री अडीचला उठले तेव्हा ते खाटेच्या कडेला बसून, गुडघ्यांवर हात रोवून श्वास ओढायले होते. दम्याचा पंप दिला. दोनदा, चारदा. फुस्स आवाज येत होता, फरक काहीच नाही. मोबाइलच्या उजेडात पंपाच्या मागची इवलीशी खिडकी बघितली. ०००.

निघताना मी तो पंप कानाशी हलवून बघितला होता. आत खळखळलं, म्हणजे औषध आहे, असं धरून चालले. औषध संपल्यावरही आतला वायू खळखळतो, हे मला नंतर कळलं. नवा पंप घरी फ्रिजवर होता. मीच आणलेला.

फोनला रेंज नव्हती. बंगल्यावरच्या कोरकू दादांनी चूल पेटवून गरम पाणी दिलं, अण्णांना आधार देऊन गाडीत बसवलं, आणि सेमाडोहच्या नाक्यापर्यंत स्वतः सोबत आले. तिथून घटांगचा घाट. प्रत्येक वळणावर अण्णांचं डोकं माझ्या खांद्यावर आदळायचं, आणि मी त्यांच्या छातीची घरघर मोजत बसलेली. घरघर थांबली तर काय, एवढंच डोक्यात. परतवाड्याला पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. वाफेचा मास्क लावला, ऑक्सिजन लावला. दोन दिवसांनी घरी आलो.

ते फाल्गुनात गेले. एक डॉक्टर म्हणाले, त्या रात्रीचा याच्याशी संबंध नाही. दुसरे म्हणाले, फुप्फुसं तेव्हापासूनच खचली. मला पहिल्यावर विश्वास ठेवायचा असतो. रात्री तो टिकत नाही. नेऊ नये म्हणणाऱ्यांशी मी भांडते, आणि पंप न बघता निघालेल्या त्या बाईशीही भांडते. नवा पंप पिशवीत असता तर मी आज छाती ठोकून म्हटलं असतं, नेलं ते बरंच केलं. तेवढंही मला म्हणता येत नाही. चुकलंच, असंही नाही म्हणणार, आत्या. त्यांनी सागाला लावलेली वीत मी बघितलीय.

परतवाड्याला दवाखान्यात दुपारी त्यांनी मास्क थोडा वर केला. मला वाटलं, पाणी मागतायत.

"धूळघाट राहिलंच की गं."

मी म्हटलं, "उन्हाळ्यात जाऊ."