तीन वाद्यं आणि एक पाठ

नाशिकमध्ये शालिमारला कालिदास कलामंदिरात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. संपेपर्यंत पावणेबारा झाले आणि बाहेर पाऊस कोसळत होता. माझ्याकडे तीन केसेस. उजव्या खांद्याला यामाहाचा ट्रंपेट, डाव्याला फ्लूगलहॉर्न, म्हणजे ट्रंपेटचाच मऊ सुराचा भाऊ, आणि मोटरसायकलच्या टाकीवर वडिलांचा मीरतचा ट्रंपेट. रविवार कारंज्यापाशी खांद्यावरचा पट्टा दोनदा घसरला, दोन्ही वेळा गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो. पंचवटीत घरी पोचलो आणि ओले कपडे बदलायच्या आधीच ठरवलं, यापुढे तिन्ही वाद्यं एकाच केसमध्ये न्यायची.

तीन कशाला लागतात, असं पुष्कळ जण विचारतात. वरातीला आणि गणपतीच्या मिरवणुकीला मीरतचा. तो मीरतच्या जली कोठीतून, बँडच्या वाद्यांच्या बाजारातून आणलेला, दणकट. मिरवणूक निघते त्या वाकडी बारवेपासून गर्दीत, गुलालात, ढोलांच्या मधे उभं राहून वाजवायचं, तिथे तोच हवा. स्टेजवर यामाहा. आणि जुन्या संथ गाण्यांना जो मऊ, गोल सूर लागतो, तो फ्लूगलवरच येतो. नळीची लांबी ट्रंपेटएवढीच, साधारण साडेचार फूट, पण फ्लूगलची नळी भोंग्याकडे हळूहळू रुंदावत जाते. त्यामुळे सुराची धार जाते आणि ऊब येते. फ्लूगलला पर्याय नाही.

मग तीन वाद्यांची मऊ बॅग घेतली. आत तीन कप्पे, मधे फोमचे पातळ पडदे, पाठीला लावायचे पट्टे. हलकी आणि सुटसुटीत. दीड महिना खूप सुखाचा गेला. मग सिन्नरच्या एका सुपारीला, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाला, जाताना बॅग बसच्या डिकीत टाकावी लागली आणि तिच्यावर कोणीतरी सामान रचलं. हॉलवर पोचून यामाहा काढला. वरून एक ओरखडा नाही. सवयीनं पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या तीन कळा, दाबून बघितले. पहिला छान, तिसरा छान. दुसरा खाली गेला आणि वर आलाच नाही.

तो क्षण मी विसरणार नाही. बोटानं उपसून काढला, तेल घातलं, पुन्हा दाबला, पुन्हा अडकला. पूर्ण कार्यक्रम फ्लूगलवर काढला.

दुसऱ्या दिवशी भद्रकालीत चाचांकडे गेलो. चाचा बँडची वाद्यं दुरुस्त करतात, वडिलांपासूनची ओळख. त्यांनी ट्रंपेट आडवा धरला, उजेडाकडे केला आणि म्हणाले, "बेटा, हा पडला नाही. दाबला गेलाय." मग बोटानं दाखवलं. दुसऱ्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे सरकणारी छोटी नळी, ट्रंपेटच्या अंगातून बाजूला, कोपर काढल्यासारखी, बाहेर आलेली असते. तिच्यावर दाब आला की तो सरळ पिस्टनच्या नळकांड्यावर जातो. नळकांडं आणि पिस्टन यांच्यात केसाएवढीही फट नसते, तेवढ्या अंतरावरच सगळी हवा अडते. नळकांडं किंचित लंबगोल झालं तरी पिस्टन धरला जातो. बॅगेत फ्लूगलच्या बेलची, म्हणजे भोंग्याची, कडा पातळ पडद्यातून नेमकी त्या कोपरावर टेकली होती.

त्यात ओठांना लावायचा माउथपीस सुटा राहिला होता. जाड पितळेचा तो गोळा आत फिरला आणि लीडपाइपवर, म्हणजे माउथपीस बसतो त्या नळीवर, मुगाएवढा पोचा पडला. ही चूक माझी. माउथपीसला स्वतःचा कप्पा किंवा पाकीट हवंच, मग केस कितीही चांगली असो.

तेव्हापासून केस बघताना चेन, रंग, खिसे हे सगळं नंतर. आधी बघतो, वाद्याचं वजन कशावर टेकतंय. ते पिस्टनच्या ठोकळ्यावर आणि बेलच्या गळ्यावर असायला हवं. बेलची कडा कशालाच टेकता कामा नये, तिच्याभोवती बोटभर मोकळी जागा पाहिजे. दुसऱ्या स्लाइडसाठी खोबण आहे का, बोट घालून बघायचं. मग केस बंद करून कानाशी धरायची आणि हलवायची. आतून टक असा आवाज आला की ती केस ठेवून द्यायची, कितीही स्वस्त मिळत असली तरी. दुकानदाराला आवडत नाही, पण वाद्य आपलं आहे. स्वतःचं वाद्य सोबत नेल्याशिवाय केस घ्यायला जाऊच नये.

फ्लूगलची गोष्ट वेगळी. ट्रंपेटची बेल साधारण 12 सेंटिमीटर रुंद, फ्लूगलची 15 ते 16. ट्रंपेटच्या खाचेत ते बसतच नाही. तीन ट्रंपेटची केस आणि दोन ट्रंपेट अधिक एका फ्लूगलची केस, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घेताना हे आधी विचारून घ्या.

मुंबईला जाऊन तिन्ही वाद्यं मावणारी कडक केसही बघितली. फार सुंदर होती. खाली काळी मखमल, एका वाद्याची बेल वर तर शेजारच्याची खाली, म्हणजे रुंदी वाचते. कान लावून हलवली, एक आवाज नाही. पण रिकामी केसच साडेचार किलोची. तीन वाद्यांचे साडेतीन किलो धरले की आठ झाले, आवाज दाबायचे म्यूट आणि तेलाच्या बाटल्या वेगळ्याच. देशातल्या विमानात हातातल्या सामानाला साधारण 7 किलो आणि 55 बाय 35 बाय 25 सेंटिमीटरच्या आसपास एवढीच मुभा असते. ओझरच्या विमानतळावरून एखादा कार्यक्रम करायला निघालो तर ती केस खालच्या सामानात द्यावी लागेल, आणि डिकीचा अनुभव ताजा होता. शिवाय मोटरसायकलवर आठ-नऊ किलो पाठीला लावून द्वारकाचा चौक ओलांडायचा म्हणजे वळताना अंग एकीकडे आणि ओझं दुसरीकडे.

येताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून डायरी उघडली आणि वर्षभरातल्या सुपाऱ्या मोजल्या. तिन्ही वाद्यं एकाच दिवशी लागली होती फक्त चार वेळा. यामाहा आणि फ्लूगल मात्र जवळजवळ प्रत्येक स्टेजला बरोबर. मीरतचा नेहमी एकटाच जातो. कालिदासच्या त्या रात्रीही तो दुपारच्या वरातीहून सरळ आलो म्हणून सोबत होता. माझा प्रश्न तीन वाद्यांचा नव्हताच, दोन अधिक एकचा होता.

मग पाठीला लावायची दोन वाद्यांची कडक केस घेतली. आतला फोम मनासारखा नव्हता, तो काढून अंबडला गेलो. तिथे कारखान्यांना सुटे भाग पॅक करायला फोम कापून देतात. पुठ्ठ्यावर दोन्ही वाद्यांचे आकार आखून नेले होते. कापणारा पोरगा म्हणाला, "दादा, गादीचा फोम नका घेऊ, पाणी पितो. हा काळा घट्ट घ्या." त्याचं बरोबर होतं. वडिलांच्या जुन्या केसमधला मऊ फोम नाशिकच्या पावसाळ्यांनी चिकट होऊन शेवटी भुगा झाला होता आणि तो पिस्टनमध्ये जायचा. हा काळा फोम ओल धरत नाही. तरीही पावसात वाजवून आल्यावर मी केस लगेच बंद करत नाही. पाणी काढतो, लीडपाइप पुसतो, रात्रभर झाकण उघडं ठेवतो. ओल कोंडली की पितळेवर गुलाबी ठिपके येतात. त्या जागी जस्त निघून गेलेलं असतं, घासून ते ठिपके जात नाहीत.

मागच्या रविवारी दोन्ही वाद्यं घालून पंचवटी ते नाशिकरोड आणि परत असा फेरा मारला, मुद्दाम खड्ड्यांतून. स्टेशनबाहेर बाकावर केस उघडली आणि यामाहाचा दुसरा पिस्टन दाबला. झटक्यात वर आला.

मीरतचा ट्रंपेट आईनं शिवलेल्या गोधडीच्या पिशवीत राहायचा, कडक केस नंतर आली. ती पिशवी आता विरलीय. तिच्यातला बरा तुकडा कापून मी नव्या केसमध्ये दोन बेलच्या मधे लावलाय, हिरव्या लुगड्याचा काठ वर येईल असा. थोडा कपडा अजून उरलाय. मुलगी कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखंच आटोपशीर वाद्य, शिकतेय, तिच्या केसला तो लागेल.