नवं हँडल लहानच येईल

"भाऊ, जुन्या हँडलवरून सरळ साचा घेतला नं, तर नवं हँडल लहानच येईल."

इतवारीच्या सराफ्यातले कास्टिंगवाले काका हे इतकं सहज बोलले, तेव्हापासून डोक्यात तेच फिरून राहिलंय.

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीची काच वर-खाली करायचं हँडल कुठे मिळतच नाही, म्हणून पितळेत ओतून घ्यायचं होतं. काकांनी मेणाचा नमुना घेतला आणि बाहेरून अजून थोडं मेण चढवलं, कारण थंड होताना मेण आकसते आणि मग पितळही आकसते. हँडल ज्या दांड्यावर बसतं त्याचं भोक मात्र मुद्दाम लहान ठेवलं, ते नंतर कानशीने घासून नेमकं बसवायचं! मग वरून प्लास्टर, भट्टीत 700 अंशांच्या आसपास मेण जळून जाते अन् त्या पोकळीत पितळ.

मोहेंजोदडोची ती साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी अशीच ओतलेली आहे, साडेचार हजार वर्षांपूर्वी.

एका नगासाठी कारखान्यासारखी महागडी डाय, म्हणजे धातूचा कायमचा साचा, कोणी बनवत नाही, ते बरोबरच आहे. पण ज्या हातांना रोज अंगठ्या ओतायची सवय आहे त्यांना एकच नग जमतो, आणि फार सुंदर जमतो. नागपुरात किती जुन्या गाड्या एवढ्याशा पार्टासाठी उभ्या असतील, त्यांच्या मालकांना सराफ्यात जा असं कोणी सांगितलंय का?