खिडकीतला दिवा

मंगळवार, रात्री साडेअकरा

आत्याकडे जेवायला गेलो होतो. लोकल रखडली, म्हणून आमटी दोनदा तापवावी लागली. अप्पा म्हणाले, "आणीबाणीत बघायच्या होत्यास गाड्या. घड्याळ लावून घ्यावं! मुसोलिनीनं तिकडे तेच केलं." मी भाकरी मोडत गप्प बसलो. पानावर वाद घातला की आत्या मलाच दटावते.

घरी येताना मात्र तेच डोक्यात. पहिल्या महायुद्धानं खिळखिळी झालेली इटलीची रेल्वे बरीचशी सावरली ती १९२२ च्या, म्हणजे मुसोलिनी सत्तेवर यायच्या आधीच. श्रेय त्यानं घेतलं. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गाडीची. 'रोमवरचा मोर्चा' म्हणून जो गाजवला, त्यात त्याचे फासिस्ट काळे शर्टवाले पावसात भिजत होते आणि साहेब मिलानमध्ये. राजाचं बोलावणं आल्यावर रात्रीच्या गाडीनं निघाले, ३० ऑक्टोबरला सकाळी रोमला उतरले.

पुढे रोममधल्या पालात्सो व्हेनेत्सिया या वाड्यातल्या त्याच्या दालनात रात्रीही दिवा जळत ठेवत. खालून जाणाऱ्यानं मान वर करून म्हणावं, देशासाठी जागतोय बिचारा! हा बहुतेकदा केव्हाच घरी गेलेला. (आमच्या ऑफिसात एक जण खुर्चीला कोट अडकवून चहाला जायचा.)

त्याच वास्तूत १९ मार्च १९३१ ला आपले हिंदू महासभेचे डॉ. मुंजे त्याला भेटले आणि भारावून रोजनिशीत लिहिते झाले. हे आठवलं आणि पेन जरा जपून धरलं.

१९४५ मध्ये मिलानच्या चौकात प्रेत उलटं टांगलं. वर्षभरात भक्तांनी ते थडग्यातून पळवलं. सापडल्यावर सरकारनं मठात दडवलं, १९५७ मध्ये घरच्यांना दिलं. आता प्रेदाप्पिओ या त्याच्या जन्मगावी थडग्यावर लोक फुलं वाहतात. आणि नवी कहाणी काय, तर माणूस बरा होता, हिटलरच्या नादानं बिघडला. मात्तेओत्ती या विरोधी खासदाराचा खून १९२४ चा. इथिओपियावर विषारी वायू सोडायला सुरुवात १९३५ मध्ये. हिटलरशी गट्टी जमली ती त्यानंतर.

निघताना चपला घालता घालता अप्पांना विचारलं, "आणीबाणीत तुम्ही कुठून कुठे जायचात गाडीनं?"

"मी?" अप्पा दाराशी घुटमळले. "मी सायकलनं जायचो रे कारखान्यात."