मॅन्डोलिन ऐकायचं तर शिकागोबाहेर पडा

शिकागोच्या ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं गाणं) क्लबांत मॅन्डोलिन ऐकायला मिळेल ही आशा सोडून द्या. रात्री कुठेही शिरा: दोन इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, कान बधिर करणारा आवाज आणि पर्यटकांच्या फर्माइशीची तीच ती गाणी. माउथ ऑर्गनवाला असलाच तर तो ॲम्प्लिफायरशी झुंजत असतो. साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवरची चेस या रेकॉर्ड कंपनीची जुनी इमारत जरूर पाहा, पण चेसच्या गाजलेल्या तबकड्यांत मॅन्डोलिन जवळजवळ नाहीच. म्हणून शहरातल्या क्लबांचं वर्णन इथेच आटोपतो.

खरं ठिकाण पश्चिमेला आहे, ऑरोरा. युनियन स्टेशनवरून मेट्रा या लोकल रेल्वेची बीएनएसएफ लाइन पकडायची आणि शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. शनिवार-रविवारी गाड्या विरळ असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा. स्टेशनपासून चालत फॉक्स नदीवर आलं की स्टॉल्प बेटावर लेलँड हॉटेलची जुनी उंच इमारत दिसते. माथ्यावर स्काय क्लब होता. १९३७-३८ मध्ये ब्लूबर्ड या रेकॉर्ड लेबलने शिकागोतल्या ब्लूजवाल्यांना इथे आणून ध्वनिमुद्रण केलं. आता तिथे लोक राहतात, म्हणजे वर जायचा प्रश्नच नाही. एवढ्या लांब येऊन खाली फुटपाथवर मान वर करून उभं राहायचं! पण हेडफोन लावा आणि सनी बॉय विल्यमसन ऐका. सनी बॉय नावाचे दोन झाले. हा पहिला, टेनेसीतल्या जॅक्सनचा जॉन ली, १९४८ मध्ये शिकागोत ज्याचा खून झाला तो. १९३८ च्या इथल्या तबकड्यांत त्याच्या माउथ ऑर्गनमागे यँक रेचेलचं मॅन्डोलिन आहे.

रेचेलही टेनेसीचाच, ब्राउन्सव्हिलचा. लहानपणी आईने दिलेलं डुकराचं पिल्लू देऊन त्याने मॅन्डोलिन घेतलं. पुढे घरात डुकराचं मटण शिजेल तेव्हा तू ते मॅन्डोलिनच खा, असं आईने सुनावल्याचं तो स्वतः सांगत असे.

ही जोडी जमते कशी ते नीट बघण्यासारखं आहे. मॅन्डोलिनला तारांच्या चार जोड्या, जुळणी व्हायोलिनचीच: जी, डी, ए, ई. छेडलेला सूर लगेच विझतो, म्हणून लांबवायचा तर नखीने भराभर ट्रेमोलो करावा लागतो, म्हणजे तोच सूर पुन्हा पुन्हा छेडावा लागतो. माउथ ऑर्गनचा सूर मात्र श्वास असेपर्यंत टिकतो. तेव्हा गायकाची ओळ संपल्यावर एकाने लांब सूर धरला की दुसऱ्याने तुटक ठोके द्यायचे. दोघांनीही एकाच वेळी वरच्या सप्तकात सूर ताणला की नुसता कलकलाट होतो. नवशिक्यांच्या जोड्या इथेच फसतात. रेचेल तारा नेहमीपेक्षा उतरवून लावायचा, त्यामुळे त्याचं मॅन्डोलिन माउथ ऑर्गनच्या वाटेतून आपोआप खाली सरकतं. हे घरी करून बघायचं तर जाड तारा घ्या. नेहमीच्या तारा ढिल्या पडून पडद्यांवर खरखरतात.

आता गंमत गंधाराची. गाणं जी म्हणजे पांढरी पाचमध्ये असेल तर ब्लूजवाला माउथ ऑर्गन सी चा, म्हणजे पांढरी एकचा घेतो. तिसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की बी, म्हणजे शुद्ध गंधार. तोच श्वास चालू ठेवून जीभ मागे घेतली की सूर कोमल गंधाराकडे उतरतो आणि मध्ये कुठेही थांबवता येतो. मॅन्डोलिनला पडदे: ए तारेवर पहिला पडदा कोमल, दुसरा शुद्ध, मधलं काही नाही. म्हणून वादक पहिल्यावरून दुसऱ्यावर बोट घसरवतो आणि माउथ ऑर्गन त्याच फटीत रेंगाळतो. आपल्याकडची मींड ऐकलेला कान हे पटकन पकडतो. जुळणीही मॅन्डोलिननेच माउथ ऑर्गनशी करायची, कारण धातूच्या पट्ट्या ऐन वेळी पिळता येत नाहीत. आधी माउथ ऑर्गन हातात धरून गरम करा, नाहीतर थंड पट्ट्यांवर वाफ साचून एखादं छिद्र गप्प होतं.

शिकागोत परतल्यावर मॅक्सवेल स्ट्रीट. इथे फार चिडचिड होते. रविवारच्या बाजारात घरांतून नाहीतर दुकानांतून वायर ओढून जिथे ब्लूजवाले वाजवायचे, तिथे आता रंगवलेले दर्शनी भाग, पार्किंग आणि ब्राँझचे पुतळे आहेत. ८३१ क्रमांकाच्या दुकानात बर्नार्ड एब्रम्स रेडिओ विकायचे आणि मागे तबकडी कोरायचं यंत्र ठेवायचे. १९४७ मध्ये त्यांच्या ओरा नेल लेबलवर दोनच तबकड्या निघाल्या. ७११ क्रमांकाच्या तबकडीवर लिटल वॉल्टरचा माउथ ऑर्गन, ७१२ वर जॉनी यंगचं मॅन्डोलिन आणि जॉनी विल्यम्सची गिटार. दोन्ही वाद्यं एका दुकानात, पण वेगवेगळ्या तबकड्यांवर! यंगची खरी जोडी पुढच्या वर्षी जमली, प्लॅनेट लेबलवर स्नूकी प्रायरच्या माउथ ऑर्गनबरोबर. तिथे त्याचं नाव मॅन यंग असं छापलंय, शोधताना लक्षात असू द्या. १९६५ मध्ये आरहूली लेबलसाठी यंगने जेम्स कॉटनला सोबत घेतलं, नंतर बिग वॉल्टर हॉर्टनला. कॉटन असलेला रेकॉर्ड आधी ऐका. ओटिस स्पॅनचा पियानो असूनही त्यात गर्दी वाटत नाही.

मधल्या काळात मॅन्डोलिन का मागे पडलं याचं उत्तर त्या वायरींत आहे. माउथ ऑर्गनवाल्याने माइक मुठीत धरला की त्याचा आवाज भरदार होतो. मॅन्डोलिनची पोकळ पेटी मोठ्या ॲम्प्लिफायरजवळ नेली की शिट्टी मारते.

या तबकड्यांच्या नव्या आवृत्त्या घेताना खरखर अजिबात नसलेली आवृत्ती टाळा. खरखर पुसताना नखीचा टकटकाट आधी जातो आणि मॅन्डोलिन कापसात गुंडाळल्यासारखं वाजतं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या जुन्या तबकड्यांचा वेगही नेहमी अचूक नसतो. सोबत वाजवताना गाणं दोन स्वरपट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लागलं तर मॅन्डोलिन पिळून जमवता येईल, माउथ ऑर्गनचं काय? तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचाच वेग बदलायचा, आणि वेगाबरोबर सूरही सरकेल अशी सोय निवडायची. सूर कायम ठेवून नुसती लय बदलणारं बटण इथे कुचकामी आहे.