जालंधरचा पाना घ्यायचा तर आधी भट्टी बघा

जालंधरला जाऊन 'थेट कारखान्यातून' पाने-पकडी घ्यायच्या असतील तर एक कडू गोष्ट आधीच ऐकून ठेवा. फोनवर गोड बोलून 'फॅक्टरी' दाखवायला नेणारा माणूस बहुतेक वेळा दलाल असतो आणि फॅक्टरी म्हणजे गोदाम. आम्हाला दाखवलेल्या ठिकाणी एक बफिंग मशीन, नाव ठोकायचा प्रेस आणि खोकी भरणारी चार माणसं होती. घण नाही, भट्टी नाही. तिथे 12 कॉम्बिनेशन पान्यांच्या (एक टोक उघडं, दुसरं रिंगचं) सेटचा जो दर सांगितला, तो फोकल पॉइंट या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या फोर्जिंगवाल्याच्या, म्हणजे तापलेलं पोलाद घणाखाली ठोकून घडवणाऱ्याच्या, दराच्या दीडपट निघाला. वर 18 टक्के जीएसटी वेगळा, पॅकिंग वेगळं, आणि पक्कं बिल मागितलं की तोंड वाकडं. तेव्हा 'पहले चाय पी लो जी' झालं की लगेच पहिला प्रश्न टाकायचा: भट्टी कुठे आहे? उत्तर गुळमुळीत आलं तर चहा संपवा आणि उठा.

जायचं कसं ते सोपं आहे. मराठवाड्यातून नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस, मुंबईहून पश्चिम एक्स्प्रेस. फक्त जालंधर सिटी आणि जालंधर कँट ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, आणि जम्मूकडच्या बऱ्याच गाड्या कँटलाच थांबून पुढे जातात. तिकिटावर नीट बघा, नाहीतर रिक्षावाला पहिला हात मारतो. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. मे-जूनमध्ये भट्टीशेजारी उभं राहणं हा मूर्खपणा. दिवाळी ते छठ आणि होळीच्या आसपास उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर गावी जातात, घण बंद असतात, मग पुन्हा गोदामच बघून यावं लागतं. ऑक्टोबरचा पूर्वार्ध किंवा फेब्रुवारी, बस. अमृतसर जवळ आहे, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

अंगात जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात चामड्याचे बूट, कानात बोळे. टेरिकॉट घालून गेलात तर ठिणगीने भोकं पडतील. खिशात व्हर्नियर (मिलिमीटरचे अंश मोजणारी मोजपट्टी), जुनी बारीक कानस आणि बॅटरी. डायचे, म्हणजे घडाईच्या पोलादी साच्यांचे, फोटो न विचारता काढू नका. इथली खरी भांडणं त्यावरूनच होतात.

आता घणाकडे. सळई तुकडे करून 1150 ते 1200 अंशांपर्यंत तापवतात. रंग पिवळसर केशरी हवा. गडद लाल तुकडा डायमध्ये घातलेला दिसला तर तो माल घेऊ नका, धातू साच्याच्या कोपऱ्यांत भरतच नाही. कारागीर सांडशीने तुकडा आधी कच्च्या साच्यात, मग पक्क्या साच्यात धरतो, घण पडतो, आणि पान्याभोवती पातळ झालर बाहेर येते. ती झालर, म्हणजे फ्लॅश, गरम असतानाच ट्रिमिंग प्रेसवर कापतात. इथे दोन दोष जन्माला येतात. वरची-खालची डाय सरकलेली असेल तर पान्याच्या कडेने पायरी दिसते. नखाला लागली तर नापास. दुसरा जास्त वाईट: धातू दुमडून स्वतःवरच बसतो आणि केसाएवढी रेघ राहते. जोर लागला की पाना तिथूनच मोडतो. क्रोम चढवल्यावर ही रेघ सहसा दिसत नाही, म्हणून चकचकीत शोकेस सोडा आणि प्लेटिंगआधीच्या पेटीतले आठ-दहा पाने बॅटरीच्या उजेडात तपासा.

मग पाणी देण्याचं, म्हणजे पोलाद कडक करण्याचं काम. सुमारे 850 अंशांवरून तेलात बुडवतात आणि लगेच टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवणं. बुडवलेला माल रात्रभर तसाच पडून राहिला तर त्याला तडे जाऊ शकतात. बऱ्याच छोट्या युनिटांत हे काम बाहेर जॉबवर्कला जातं. त्यात वाईट काही नाही, पण आल्यावर कडकपणा कोण मोजतं ते विचारा. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर धूळ साचली असेल तर उत्तर मिळालं. पाना साधारण 40 ते 46 एचआरसी (त्या मशीनवरचं कडकपणाचं माप), पकडीची कापायची धार 55 च्या वर. कानशीने ताडा: पान्यावर ती कष्टाने पण चावली पाहिजे. अजिबात न चावता घसरली तर पाना काचेसारखा तडकेल, लोण्यासारखी उतरली तर जबडा पसरेल. पकडीच्या धारेवर मात्र कानस घसरलीच पाहिजे. पकड मिटून उजेडासमोर धरा. धारेतून फट दिसली की परत ठेवा. पान्याच्या 13 च्या जबड्यात व्हर्नियर घाला. 13 पेक्षा किंचित जास्त हवंच, नाहीतर नट आत जाणार नाही. पण 13.4 दाखवत असेल तर नटाचे कोपरे गोल करायचं यंत्र विकत घेताय.

प्लेटिंगबद्दल मालकांना विचारलेलं आवडत नाही, तरी विचारा. आम्लात धुताना आणि प्लेटिंग करताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो. नंतर 190 ते 200 अंशांवर काही तास भाजून तो काढावा लागतो. वीज वाचवायला हा टप्पा गाळला तर चांगला दिसणारा पाना काही दिवसांनी अचानक तुटतो. खात्री पटली नाही तर सरळ क्रोमऐवजी काळा फॉस्फेटचा थर दिलेला माल घ्या. कमी चमकतो, स्वस्त पडतो, काही लपवत नाही.

पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' हे मिश्र पोलादाचं नाव ठोकलेलं असणं म्हणजे काहीच नाही. ठसा कोणीही मारतो. व्हॅनेडियम असतं जेमतेम 0.1 टक्का, ते ग्राइंडरच्या ठिणगीत ओळखतो म्हणणारा थापा मारतोय. मोठी खरेदी असेल तर एक नमुना स्पेक्ट्रो चाचणीला द्या, त्यात पोलादात काय काय आहे ते कळतं. शहरात 1983 मध्ये स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ हँड टूल्स आहे, आधी फोन करून जा. आयएसआय छाप असेल तर खालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा. फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्यांचं मानक आयएस 2028, कॉम्बिनेशन पकडीचं आयएस 3650.

एक-दोन सेट मागणाऱ्याला छोटा कारखानदार सहसा उभं करत नाही. 'सॅम्पल पाहिजे, बिलावर' असं म्हणा, रोख पुढे करा, बहुधा देतो. भट्टीपाशी तासभर उभे राहिलात तर दरही स्वतःहून खाली येतो, हे मात्र मान्य करावं लागेल. फॉस्फेटचा माल तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणा, धुक्यातल्या गाडीत गंज धरतो. विमानाने येणार असाल तर पाने चेक-इनच्या बॅगेत. केबिनमध्ये जप्त होतील.